बॉनेट थंड होईस्तोवर

"गरम इंजिन कोनाचंबी गोडच बोलते रे जगद्या! थंड असताना ऐकाचं असते. अन् तुह्या कानात तर जनमभर डिझेल भरलं, तुले पेट्रोलचं काय समजते?"

"माह्या कानाचं काढू नको निजाम्या! एष्टी चालवली मी, खेळणं नाही!"

केनवडच्या ओसरीवरचं हे भांडण तुळसाबाईंनी चुलीपाशी बसून ऐकलं, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. पोरीचं, राखीचं लग्न होतं. तुळसाबाईंच्या नवऱ्यानं, जगदेवरावांनी, स्वतः पारखून घेतलेली जुनी पेट्रोल जीप नवरदेवाला घेऊन निघाली आणि गावाबाहेरच मान टाकून बसली. नवरदेव ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून मांडवात आला. एका हातानं फेटा धरलेला, दुसऱ्या हातानं ट्रॅक्टर. गॅरेजवाला निजामुद्दीन म्हणजे जगदेवरावांचा लहानपणचा दोस्त. तो बोलायचं ते बोलून गेला आणि त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं.

चूक झाली असं जगदेवराव काही कबूल करणारे नव्हते. पण तेव्हापासून त्यांना दोन सवयी लागल्या. कोणाचीही गाडी दिसली की आधी बॉनेटवर तळहात ठेवायचा, लेकराचा ताप पाहावा तसा. आणि संध्याकाळी बायकोची सुपारी आणायला फाट्यावर जायचं ते शाळेच्या मागून, कारण सरळ रस्त्यावर निजामुद्दीनचं गॅरेज होतं. दोन्ही सवयी कुठून आल्या हे तुळसाबाईंना ठाऊक होतं. चालून चालून बुढ्याचे गुडघे मोकळे राहत होते, तेवढंच.

यंदा त्यांची नात वैजयंती वाशीमला एका दवाखान्यात नर्स म्हणून लागली. ड्युटी सकाळची, आणि तांबडं फुटायच्या आत गावातून बस नाही. दोनदा उशीर झाला. मोठ्या सिस्टरनं सांगितलं, पुन्हा उशीर झाला तर घरीच राहा. म्हणून जुनी का होईना, गाडी पाहिजे होती. कडाक्याच्या थंडीत पहिल्या चावीला उठणारी.

शिरपूरला देवमनची पांढरी पेट्रोल गाडी विकायची आहे असं कळलं. आजोबा, आजी, नात, तिघंही सकाळीच पोचले. गाडी धुऊनपुसून अंगणात उभी होती. जगदेवरावांनी तळहात ठेवला.

"ताप आहे हिले."

"आत्ताच दूध घालाले गेल्तो ना काका."

"मंग बसतो आमी. थंड होऊ दे."

देवमनच्या बायकोनं, रंजीतानं, चहा आणला. चहा झाला तसा देवमन उठला. "गाडी जराशी सावलीत लावतो." घुर्रर्र. जगदेवराव गेले, हात लावून परत आले. "बसतो."

पोहे आले. पोहे झाले तसं देवमनला गाडी कुंपणाला फार चिकटून लागल्यासारखी वाटायला लागली. घुर्रर्र. जगदेवराव गेले, आले. "बसतो."

आत रंजीतानं वरणाला डाळ घातली. तुळसाबाई तिला लसूण सोलून देत होत्या. तिसऱ्यांदा घुर्रर्र झालं तशी रंजीता पिठाच्या हातानंच बाहेर आली, गाडीतली चावी उपसली आणि कमरेला खोचली.

"तुमी गाडी गरम करान, हे बसून राह्यतीन, अन् मी काय दिवसभर भाकरीच थापू? थंड होऊ द्या तिले!"

त्यानंतर देवमनला काही जेवण गेलं नाही. जगदेवराव मात्र वरणाला नावाजत पोटभर जेवले.

ऊन कललं तेव्हा बॉनेट गार पडलं. रंजीतानं चावी दिली. वैजयंतीनं फिरवली. एकदा नुसती कुईकुई. दोनदा कुईकुई. तिसऱ्या वेळी खडखड खडखड करत गाडी हादरली आणि मागून निळा धूर निघून खाटेवर वाळत घातलेल्या पापडांवर गेला.

जगदेवरावांचा चेहरा उजळला. त्यांची जुनी डिझेलची बस रोज सकाळी अशीच उठायची.

"आत्ता बोललं इंजिन! याले म्हंतेत दम! गरम असताना मांजरीवानी गुरगुरत होतं. घेऊन टाक वैजू!"

देवमनचा आपल्या नशिबावर विश्वास बसेना. "काका, तुमी खरे पारखी!"

तुळसाबाईंच्या डोळ्यांपुढे ट्रॅक्टरवरचा तो फेटा आला.

"वैजू, निजामभाऊले फोन लाव."

"कोनाले?" जगदेवराव गरजले.

"लाव म्हटलं ना मी."

वैजयंतीनं फोन इंजिनाजवळ धरला. तिकडून आवाज आला, "कोन खलबत्ता कुटून राह्यलं, बेटा?"

"इंजिन आहे चाचा. पेट्रोलचं."

"धूर?"

"निळा."

"तेल पिऊन राह्यली थे. इंजिन पुरं घिसलं. आज दुपारची उठली, पहाटे थंडीत तुले दगा देईन. घे म्हनते कोन?"

वैजयंतीनं आजोबांकडे पाहिलं.

"जगद्या आहे का तिथी?"

"आहे!" जगदेवरावांनी फोन हिसकला. "अन् मी बसून बसून बॉनेट थंड केलं म्हून तुले धूर समजला! नाहीतर कायचा धूर सांगत होता?"

"हात खरा आहे रे तुहा. कान तेवढा डिझेलचाच राह्यला!"

"तुह्या तोंडाले कुलूप नाही!"

मग एवढ्या वर्षांचं साचलेलं निघालं. फोनची बॅटरी संपेपर्यंत दोघं भांडले. देवमन खाली मान घालून उभा होता, रंजीता पापड झटकत होती. जाताना तिनं तुळसाबाईंना थोडे पापड बांधून दिले. "धुराचे नाहीत, मावशी, आतले आहेत."

पुढच्याच आठवड्यात वाशीमला दुसरी गाडी पाहिली. जगदेवरावांनी बॉनेटला हात लावला, निजामुद्दीननं कान दिला, आणि ती पहिल्या चावीला उठली. केनवड येईपर्यंत दोघं भांडत होते, हाताचं महत्त्व जास्त की कानाचं.

गाडीला हळदकुंकू लावून झालं. संध्याकाळ झाली तसे जगदेवराव चपला घालून निघाले. तुळसाबाई दारातूनच पाहत होत्या. बुढा नेहमीसारखा शाळेच्या मागच्या वाटेला लागला.

"अवो, आता काहून मांगून?"

"वाट माहीत आहे मले," मागं न पाहता ते म्हणाले.

दिवेलागणीला त्यांनी सुपारीची पुडी आणून तुळसाबाईंच्या हातावर ठेवली. पुडीवर गॅरेजातल्या ऑइलची काळी बोटं उमटलेली होती. तुळसाबाईंनी ती पदराला पुसली, सुपारी तोंडात टाकली आणि भाकरी वाढायला आत गेल्या.