तळहातावरचा आकडा

त्यांच्या डाव्या तळहातावर बॉलपेनने लिहिलेला एक आकडा नेहमी असे. चार अंकी, कधी पाच अंकी. तो लिहून झाला की पेन कानावर अडकवून ते खुर्चीतून उठत आणि संगणक खोलीतून बाहेर पडता पडता म्हणत, "मालकाला इचारून येतो."

हा आकडा कसला आणि मालक कोण, हे समजायला मला आठवडा लागला, कारण विचारण्याचा धीर माझ्यात नव्हता. मी मराठी घेऊन एम.ए. झालेली, कोल्हापूरपासून तासाभरावरच्या एका साखर कारखान्याच्या शेती खात्यात सोळा वर्षे पत्रव्यवहार सांभाळलेली. नव्वदीचे दशक सरत असताना, चाळिशी ओलांडल्यावर, माझी संगणक विभागात नेमणूक झाली. हे लिहायलाही मी उशिराच बसले आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

सगळे त्यांना अण्णा म्हणत. ते गडहिंग्लजकडचे. मला पहिल्या दिवसापासून त्यांनी 'अक्का' केले, वयाने पंधरा वर्षे मोठे असूनही. संगणकाआधी वीस वर्षे ते मिल हाऊसमध्ये टाइमकीपर होते. उसाच्या चरकाजवळ उभे राहून कामगारांची हजेरी घ्यायची, हे काम. त्या आवाजाने त्यांचे कान जवळजवळ गेले होते. हजेरीची सवय मात्र राहिली.

आमच्याकडे एकच मोठे यंत्र होते आणि वजनकाटा, शेती खाते, भांडार अशा ठिकाणी त्याला जोडलेली टर्मिनले, म्हणजे पडदा आणि कळफलक. त्या यंत्रात एका वेळी किती कामे चालू आहेत, कोणाची आहेत, केव्हापासून चालली आहेत, हे एका आज्ञेने पडद्यावर ओळीने दिसे. पुस्तकात या कामांना प्रोसेस म्हणतात. अण्णा त्या यादीला हजेरीपट म्हणत. सकाळी आल्यावर ते पडद्याला लाकडी पट्टी लावत आणि एकेक हिरवी ओळ वाचत. "कोण कोण राबतंय बघूया." प्रत्येक ओळीत कामाचा क्रमांक असे, आणि पुढे ते काम सुरू करणाऱ्याचे नाव. तोच मालक. एखादे काम अडकलेले वाटले की तो क्रमांक तळहातावर जाई आणि अण्णा मालकाच्या टेबलाकडे.

न विचारता त्यांनी कोणाचे काम बंद केल्याचे मला आठवत नाही. विचारून आल्यावरही घाई नसे. बंद करण्याचे दोन प्रकार होते. साध्या आज्ञेने त्या कामाला निरोप मिळे आणि ते आपले दप्तर आवरून जाई. ऐकलेच नाही, तर नऊ नंबर: निरोप नाही, आवरणे नाही, जागच्या जागी अंत. साधी आज्ञा दिल्यावर अण्णा अर्धा कप चहा संपेपर्यंत थांबत. "साधं म्हंजे घरी जा म्हणून सांगणं. नऊ म्हंजे मानगूट धरून भायेर. माणूस ताटावर बसलेला असला तर?"

मी हे सारे वहीत सुवाच्य अक्षरात लिहून घेतले होते. तरीही जे व्हायचे ते झाले.

अण्णा पुतणीच्या लग्नासाठी चार दिवस रजेवर होते. ऐन गाळपाचा हंगाम. दुपारी वजनकाट्यावरून निरोप आला की पडदा थिजला आहे आणि उसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली आहे. मी हजेरीपट काढला. शेती अधिकाऱ्यांचे एक काम वजनकाट्याच्या नोंदी अडवून दोन तास चालू होते. पाच मिनिटांनी पुन्हा पाहिले. यंत्राने त्याच्यासाठी खर्चलेल्या वेळेचा आकडा तसूभरही हलला नव्हता. मी क्रमांक तळहातावर लिहिला. आता फक्त व्हरांडा ओलांडून साहेबांना विचारायचे होते. पण साहेबांचा आवाज वजनकाट्यापर्यंत ऐकू जाई, आणि त्यांच्या हाताखाली सोळा वर्षे काढूनही मी त्यांच्याशी कागदातूनच बोललेली. मी दारापर्यंत जाऊन परत आले. फोन पुन्हा खणखणला. मी नऊ नंबर दिला.

रांग हलली. वजनकाट्यावरच्या माणसाने माझे आभारही मानले. ते काम म्हणजे दुसऱ्या दिवशीची तोडणीची यादी होती, हे सकाळी समजले. अर्धी नवी, अर्धी जुनी अशी ती छापली गेली होती. एकाच फडावर तीन टोळ्या कोयते घेऊन उभ्या राहिल्या. ज्याची पाळी होती त्या दुसऱ्या गावच्या म्हाताऱ्याकडे कोणीच गेले नाही. तो दुपारी आमच्या खिडकीशी आला. भांडला नाही. "बाई, माझं नाव खोडलंसा काय?" एवढेच त्याने विचारले.

त्या दिवशी मी, मला शेती खात्यात परत पाठवावे, असा अर्ज लिहिला. भाषा निर्दोष होती. अण्णा रजेवरून आल्यावर तो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"हा बी नऊ नंबरच की, अक्का."

अर्ज द्यायचाच असेल तर उद्या द्या, पण आधी साहेबांकडे जाऊन या, असे ते म्हणाले. तुम्ही बोलाल का, असे मी कसेबसे विचारले. ते माझ्याबरोबर व्हरांड्यातून आले आणि साहेबांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसले. "मी हितं हाय. तसंबी मला आतलं काय ऐकू येत न्हाय."

मी आत गेले आणि उभ्या उभ्या सांगितले, की परवाचे काम अडकले आहे असे समजून मी ते मारले. साहेब टेबलावरच्या काचेकडे पाहत हळू आवाजात म्हणाले, "अडकलं नव्हतं ते. पडद्यावर प्रश्न आलता, पाळी बदलायची का म्हणून. उत्तर न देताच मी चहाला गेलतो." आणि लगेच नेहमीच्या आवाजात, "अहो, मग मला विचारायचं की. मी काय माणसं खातो?" बाहेर अण्णांनाही ते ऐकू गेले असावे, मी आले तेव्हा ते हसत होते. त्या म्हाताऱ्याचा ऊस दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या टोळीने तोडला. अर्ज माझ्या वहीतच राहिला.

पुढच्या आठवड्यात अण्णांनी स्वतःच्या नावाने एक छोटेसे काम यंत्रात सोडून दिले. ते दर मिनिटाला हजेरीपट पाहत राही आणि तोडणीची यादी पुरी झाली की माझ्या टर्मिनलवर टिंग असा आवाज करी. मला अंदाज करत बसावे लागू नये, म्हणून. त्यांना स्वतःला तो आवाज ऐकू येत नसे. ते माझ्या चेहऱ्याकडे पाहत. "वाजलं?" मी मान हलवी.

यंत्र कधी बंद करावे लागले, तर सुरू झाल्यावर ते काम पुन्हा सोडायचे, हा त्यांचा नेम होता. पुढे शाल-नारळ घेऊन ते निवृत्त झाले. निरोपाच्या फोटोत त्यांनी हात जोडलेले आहेत. डाव्या तळव्यावर आकडा असणार, तो दिसत नाही. निवृत्तीनंतरच्या हंगामात यंत्र एकदाही बंद पडले नाही, आणि टिंग रोज वाजत राहिली. मी एव्हाना विभागप्रमुख झाले होते आणि दिवसातून चार वेळा व्हरांडा ओलांडत होते.

उन्हाळ्यात नवी यंत्रे आली. जुने कायमचे बंद करायचे ठरले. सगळ्यांना विचारून झाले, एकेक काम आवरले, आणि हजेरीपटावर यंत्राची स्वतःची कामे सोडता एकच ओळ उरली. मालकाच्या जागी अण्णांचे नाव. नवे इंजिनिअर इचलकरंजीचे, मनाने चांगले. म्हणाले, "म्याडम, बटण दाबलं की ते बी जाईल." मी एक दिवस थांबायला सांगितले. क्रमांक तळहातावर लिहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गडहिंग्लज एसटीत बसले.

अण्णा दारातल्या कट्ट्यावर भुईमुगाच्या शेंगा निवडत होते. कान आता पुरतेच गेले होते. काकूंनी पाणी दिले आणि कन्नडमिश्रित मराठीत सांगितले, की ओरडून बोला. मी, जिचा आवाज शेजारच्या टेबलापर्यंत जात नसे, भर गल्लीत ओरडले, "अण्णा, तुमचं एक काम अजून चालू आहे. बंद करू का?" आणि तळहात त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी शेंगा खाली ठेवल्या आणि चष्मा लावून आकडा वाचला. माझा हात त्यांनी थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

"वाजतंय अजून?"

मी मान हलवली.

"बंद करा की. तुम्हाला आता काय गरज हाय त्याची?" मग मी उठले तेव्हा पुन्हा म्हणाले, "साधंच सांगा. नऊ नको."

परत आल्यावर मी तळहाताकडे पाहत क्रमांक टंकला, साधी आज्ञा दिली आणि चहा मागवला. चहा यायच्या आत पुन्हा हजेरीपट काढला. पट्टी लावून वरून खालपर्यंत वाचला. त्यांचे नाव नव्हते.

आता अण्णाही नाहीत. निवृत्तीनंतर भेट झाली ती तेवढीच. आकडा मात्र त्या भेटीनंतरही दोन दिवस तळहातावर होता. भांडी घासताना मी डावा हात पाण्याबाहेर ठेवत होते.