दुसऱ्याशी खेळायचे पैसे

बी.एस्सी. झाल्यावर मी माजलगावात बस स्टँडसमोर सायबर कॅफे टाकला. टाकला म्हणजे काय, वडिलांच्या किराणा दुकानातला पेंडीच्या पोत्यांचा कोपरा रिकामा केला, प्लायवूडची भिंत उभी केली आणि तीन कॉम्प्युटर मांडले. फोनची लाईन एकच. ती लागताना जो खरखराट व्हायचा, तो ऐकून दुकानात साखर घ्यायला आलेल्या बाया माझ्याकडं संशयानं बघायच्या. मुलीनं असलं दुकान चालवावं का, हे वडिलांना दहा जणांनी विचारलं होतं. वडील एवढंच म्हणाले, "वरीसभर बघू."

भिंतीवर मी दर लिहिले होते. तासाचे तीस रुपये, आणि गेम खेळायचा असेल तर पाच जादा. खेळणारे कीबोर्ड आपटतात आणि एकदा बसले की उठत नाहीत, म्हणून मी तो नियम केला होता.

त्या नियमावरून पहिल्यांदा कुणी भांडलं असेल तर ते समोरच्या एसटी स्टँडवरचे कंट्रोलर. पन्नाशीचे, खाकी कपड्यातले, छातीला शिट्टी. गाड्यांच्या वेळा दिवसभर माईकवर सांगून त्यांचा आवाज कायम बसलेला असायचा. सुट्टी गुरुवारची. एका गुरुवारी दुपारी तीनला ते आले आणि म्हणाले, "पोरी, हितं बुद्धिबळ खेळता येतं म्हनं?"

मी साईट उघडून दिली. कॉम्प्युटरशी खेळा किंवा जगातल्या कुणाशीही खेळा, अशी ती होती. त्यांनी माणूस निवडला. तासानं उठले तेव्हा मी पस्तीस मागितले.

"पाच जादा कावून?"

"गेमचे आहेत, काका."

"मी काय आपटलं का काय तुझं? आगं, तिकीट काढल्यावर शेजारच्याशी बोलायचे येगळे पैसे घेतो का आमी? दिंद्रूडपस्तोर बोल म्हनतो, नाहीतर झोप."

मी हसले, पण पैसे घेतले. नियम तो नियम.

ते दर गुरुवारी यायला लागले. समोरचा खेळाडूही ठरून गेला. पडद्यावर नुसतं एक टोपणनाव आणि पोर्तुगालचा झेंडा दिसायचा. "ह्यो गडी लई चिवट हाय," काका म्हणायचे. "हत्ती गेला तरी हसतच आसंल." माऊस त्यांच्या हातात बसत नसे, बाण भलतीकडंच पळायचा. म्हणून सोंगट्या मी हलवायची. ते म्हणायचे, "घोडा पुढं, उजवीकडं," आणि मी घोडा ठेवायची. तोवर मला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नव्हतं. हळूहळू काका सांगायच्या आधीच माझा हात योग्य सोंगटीकडं जायला लागला.

साताठ महिन्यांनी एका गुरुवारी साईट उघडली तर आधी लाल अक्षरांतली सूचना आली. कॉम्प्युटरशी खेळणं फुकटच राहील, पण पुढच्या आठवड्यापासून माणसांशी खेळायला सभासद व्हावं लागेल. वर्गणी डॉलरमध्ये, आणि ती क्रेडिट कार्डानं भरायची. मी वाचून मराठीत सांगितलं.

"ते कार्ड कुठं मिळतं?"

"आपल्या बँकेत तरी नाही, काका."

मला राग आला होता. माणसाशी खेळायचेच तेवढे पैसे? दोघांना एका पटावर बसवायला यांचं काय जातं? मी तसं बोलूनही दाखवलं. काका माझ्या भिंतीवरच्या कागदाकडं बघत शांतपणे म्हणाले, "त्यांचंबी दुकानच हाय की. मशिनी चालवायला पैका लागत आसंल. तुला पाच लागत्यात, त्यांना डालर लागतो."

माझे कान तापले. पण तेवढ्यात ते खुर्ची ओढून बसले. "चल, शेवटचा डाव तर खेळू."

डाव अर्ध्यात होता आणि लाईट गेली. यूपीएस शिट्टी मारायला लागला. म्हणजे फार तर दहा मिनिटं. काकांनी माझ्या मनगटाला हात लावला. "त्याला इचार. पत्ता इचार त्याचा."

पटाच्या बाजूला दोन ओळी लिहायची जागा होती, ती आम्ही कधी वापरलीच नव्हती. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं, 'पुढच्या आठवड्यापासून आम्हाला इथं येता येणार नाही. ई-मेल देता का? एका पत्रात एक चाल, असं खेळू.' उत्तर येईना. शिट्टी भराभर वाजायला लागली. मग एकेक अक्षर उमटलं आणि पत्ता आला. मी तो किराण्याच्या पुडीच्या कागदावर उतरवून घेतला आणि पडदा काळा झाला.

अर्धा राहिलेला डाव काकांच्या डोक्यात पक्का होता. त्यातली आमची चाल मी दुसऱ्या दिवशी पाठवली. दोन दिवसांनी उत्तर आलं. चाल शेवटी होती, वर चार ओळी होत्या. त्यांचं इंग्रजी आमच्याइतकंच कच्चं होतं. मी काकांना मराठीत वाचून दाखवलं, मी बेकरीत काम करते, पहाटेची भट्टी उतरली की खेळायला बसते, वर्गणी मलाही जड जाते, तुम्ही पत्ता मागितलात ते फार बरं केलंत.

"करते?" काका म्हणाले. "म्हंजी बाई हाय?"

"बाईच आहे. खाली नाव बाईचं आहे."

ते जोरात हसले. "आन् मी सात महिने गडी, गडी करतोय!"

त्या आठवड्यात मी भिंतीवरचा कागद काढून नवा लावला. त्यात जादा पाच रुपयांची ओळ नव्हती. वडिलांनी तो वाचला. "धंदा करायचाय का अन्नछत्र घालायचंय?" मी म्हणाले, "खुर्च्या रिकाम्या राहण्यापेक्षा बरं." ते गल्ल्याकडं वळले. कीबोर्ड आपटणाऱ्यांना मात्र मी दम द्यायला लागले, आणि तो पाच रुपयांपेक्षा जास्त लागू पडला.

एका पत्रात एक चाल, त्यामुळं डाव महिनोन्‌महिने चालला. काकांनी कंट्रोल रूममध्ये वेळापत्रकाच्या जुन्या फळ्याच्या पाठीवर खडूनं पट आखला. सिरसाळ्याची गाडी लागेपर्यंत कंडक्टर-ड्रायव्हर त्यापुढं उभे राहून वाद घालायचे. "उंट काढा, सायेब." "काय बे, वजीर मारून घ्यायचा का?" शेवटी कुणाचंच न ऐकता काका मला चाल सांगायला रस्ता ओलांडून यायचे. बाईनं एकदा फोटो पाठवला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आमचाच डाव मांडलेला, शेजारी पावाची टोपली. तो मी छापून दिला, तर काकांनी कंट्रोल रूमच्या काचेला चिकटवला.

उन्हाळ्यात आम्ही हरलो. काकांना वाईट वाटलं नाही. त्यांनी माझ्याकडून अभिनंदनाचं पत्र लिहून घेतलं आणि दुसऱ्या डावाचं विचारलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं. या वेळी पांढऱ्या सोंगट्या तुमच्या, सुरुवात करा.

मी कीबोर्डवर बोटं ठेवून त्यांच्याकडं बघितलं.

"माज्याकडं काय बघतीस?" ते म्हणाले. "ह्यो डाव तुजा. मी नुसता मागं बसतो."

मी बराच वेळ विचार केला. मग राजापुढचं प्यादं दोन घरं पुढं टाकलं आणि पत्राखाली पहिल्यांदा माझं स्वतःचं नाव लिहिलं.