मांडीवरचा मुलगा

व्हिजिट व्हिसावर सौदीत आलेल्या माणसाला ठरावीक दिवसांनी देशाबाहेर पाऊल टाकून परत यावं लागतं. आम्ही राहतो त्या राबिघ गावातली आमच्या ओळखीची माणसं त्यासाठी आपल्या आईवडिलांना विमानानं बहारीनला नेतात, तिथे दुपारचं जेवण जेवतात आणि संध्याकाळी परत आणतात. आम्ही माझ्या सासूबाईंना रोमला नेलं. कल्पना माझ्या नवऱ्याची. जेद्दाहून थेट विमान होतं, मुलीला ईदची सुट्टी होती आणि सासूबाईंचा युरोपचा व्हिसा त्यानं मुंबईहूनच काढून घेतला होता. "शिक्काच हवाय ना, मग जरा बऱ्या ठिकाणचा घेऊ," असं म्हणून त्यानं आधी तिकिटं काढली आणि मग मला सांगितलं. आमच्या घरात बहुतेक गोष्टी याच क्रमानं होतात.

सासूबाईंना मी आई म्हणते. सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, निवृत्त होताना इन्चार्ज सिस्टर होत्या, आणि मला विचाराल तर अजूनही आहेत. इथे आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातल्या सगळ्या चादरी दवाखान्यातल्यासारखे कोपरे मुडपून घातल्या. पॉलिक्लिनिकमध्ये मला सलाईन लावणाऱ्या मल्याळी नर्सला शीर कशी शोधायची ते त्यांनी पहिल्याच भेटीत हिंदीतून सांगितलं. ती पोरगी चिडायच्या ऐवजी पुढच्या आठवड्यात केळ्याचे वेफर्स घेऊन घरी हजर. मी असते तर चिडले असते. मी फटकळ, त्या हुकूम सोडणाऱ्या. अठरा वर्षांत आमची पुष्कळ वेळा जुंपली, आणि तरीही त्या यायच्या म्हटलं की मी आठवडाभर आधीपासून खुशीत असते. हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

एका गोष्टीवरून मात्र मी त्यांच्यावर मनातून रागावलेली होते. त्यांचा थोरला मुलगा विसाव्या वर्षी मोटरसायकलच्या अपघातात गेला. माझा नवरा तेव्हा अकरा वर्षांचा होता. अपघात झाला तेव्हा आई ड्यूटीवर होत्या आणि मुलाला आणलं ते त्यांच्याच दवाखान्यात. त्यांनी कागदांवर सह्या केल्या, सगळं रीतसर पार पाडलं, आणि रडल्या नाहीत. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. पुढे तर त्या मुलाचं नावच घरात निघेनासं झालं. फोटो कपाटात गेले. सासरे असेपर्यंत ते कधीतरी एखादं वाक्य बोलायचे, तेही गेले. नवऱ्याला आपला भाऊ धड आठवतही नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तो मला म्हणाला होता, "आईनं एकदा तरी दादाबद्दल काही सांगावं. काहीही. तो काय खायचा, एवढं सांगितलं तरी चालेल." विचारायची त्याची छाती कधी झाली नाही. प्लांटमध्ये दीडशे माणसांवर ओरडणारा हा माणूस आईसमोर मूग गिळून बसतो.

मी एकदा भांडणाच्या भरात त्यांना बोलून गेले होते, "तुमच्या डोळ्यांतून पाणी येतच नाही का हो कधी?" त्या भाजी चिरत राहिल्या. ते वाक्य मला आजही आठवलं की नको होतं असं वाटतं.

या खेपेला आल्या तेव्हा त्यांनी जाहीर करून टाकलं, "ही शेवटची फेरी. आता झेपत नाही विमानबिमान." नवऱ्यानं हसण्यावारी नेलं. पण त्यानंतर मी त्याला पाहायची. चहाचा कप घेऊन तो त्यांच्याजवळ बसायचा, काहीतरी विचारायला तोंड उघडायचा आणि रिफायनरीच्या शटडाऊनबद्दल बोलून उठायचा.

तर रोम. तिथल्या त्या प्रचंड चर्चच्या रांगेत आम्ही ऊन खात उभे राहिलो. आत शिरताना आईंनी मला विचारलं, "चपला कुठे काढायच्या?" काढायच्या नसतात म्हटल्यावर त्यांना ते काही पटलं नाही. नवरा आणि मुलगी घुमटावर चढायला गेले. आम्ही दोघी खालीच थांबलो. उजव्या बाजूला पहिल्याच ठिकाणी एका काचेसमोर लोकांची दाटी होती, म्हणून आम्हीही तिकडे गेलो.

मला संग्रहालयांत, मंदिरांत, किल्ल्यांत लवकर कंटाळा येतो. हे शिल्प मी फोटोत कितीदा पाहिलं होतं: क्रुसावरून खाली उतरवलेला येशू आणि त्याला मांडीवर घेऊन बसलेली त्याची आई. पाहून पुढे जायचं, एवढाच विचार होता. पण पाय हलेनात. दगड इतका मऊ कसा दिसू शकतो? त्याच्या बरगड्या, पायाची शीर, तिच्या वस्त्राच्या चुण्या. तिच्या मांडीवर एक वाढलेला, उंच पुरुष लहान मुलासारखा आडवा पडलेला आहे आणि ती त्याला बरोबर पेलते आहे. तिचा चेहरा तरुण, खाली झुकलेला. माझ्या शेजारची एक परकी बाई तोंडावर रुमाल धरून रडत होती. मग माझ्या लक्षात आलं की ती आई स्वतः रडत नाहीये. पाचशे वर्षं लोक तिच्यासमोर येऊन रडतायत आणि तिच्या चेहऱ्यावर एक थेंब नाही. इतकी वर्षं मी ज्या गोष्टीसाठी एका बाईला नावं ठेवत आले, ती गोष्ट समोर होती, आणि ती बाई माझ्या शेजारी उभी होती. मला फार लाज वाटली.

आई चष्मा पुसून पुन्हा घालत होत्या.

"गेलाय तो," त्या म्हणाल्या. अगदी वॉर्डातला आवाज. "हात बघ. झोपलेल्या माणसाचा हात असा लोंबत नाही."

मी हाताकडे पाहिलं.

"करणाऱ्यानं नीट बघून केलंय. काखेखालून हात घातलाय बघ तिनं, बरोबर घातलाय. नाहीतर घसरतो. जड होतं माणूस." त्या काचेच्या दिशेनं थोड्या वाकल्या. "पण मध्ये कापड आहे गं. तिची बोटं त्याच्या अंगाला लागलेली नाहीत."

मी पाहिलं. खरंच होतं. त्या आईचा उजवा हात मुलाच्या काखेखालून वर आला होता, बोटं त्याच्या बरगड्यांत रुतली होती, पण तिची बोटं आणि त्याची कातडी यांच्यामध्ये वस्त्राची एक घडी होती. इतके फोटो पाहून मला ती कधी दिसली नव्हती.

"मीपण चादरीवरूनच धरला होता," आई म्हणाल्या.

आजूबाजूला लोक फोटो काढत होते.

"युनिफॉर्म होता अंगावर. स्ट्रेचरवरून टेबलावर घ्यायचा होता. एका बाजूनं वॉर्डबॉय, एका बाजूनं मी. पेशंटला चादरीसकट उचलतात, तसाच उचलला. म्हटलं, आधी हे होऊ दे, मग घेऊ जवळ. मग डॉक्टर आले, पोलीस आले. घरी आणला तेव्हा सगळा बांधलेला होता." त्यांनी पर्सची चेन लावली. "हात लावायचा राहूनच गेला."

मी त्यांचा दंड धरला. त्यांनी धरू दिला, आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "चल, ते दोघं उतरतील आता."

बाहेर आल्यावर त्यांनी आइस्क्रीम मागितलं, दोन चवींचं, आणि पिस्त्याचं जरा जास्तच गोड आहे असं आम्हाला ऐकवलं. माझं हातात तसंच वितळत होतं. नवऱ्यानं दोनदा विचारलं, बरं नाही का म्हणून. माझ्या पोटात काही राहत नाही असं माझी आई सांगायची, आणि खरंच नाही राहत. पण हे राहिलं. राबिघला परत आलो, नव्या शिक्क्याचे दिवस सुरू झाले, कितीदा माझ्या ओठांवर आलं की तुझ्या आईनं मला असं असं सांगितलं. पण ते माझं सांगायचं नव्हतंच. त्याला ते तिच्या तोंडून हवं होतं.

दिवस पाहता पाहता संपले. मध्येच दोन दिवस वाळूचं वादळ झालं, सगळ्या खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबून आम्ही घरात बसलो. मला वाटलं, आता बोलतील. तर आईंनी माझ्या मुलीला जखमेला बँडेज कसं बांधायचं ते शिकवलं. रविवारी त्यांचं विमान होतं. आदल्या शुक्रवारी सकाळी बॅगा अर्ध्या भरून झाल्या होत्या. नवऱ्याची सुट्टी. त्यानं टीव्हीला फोन जोडला आणि म्हणाला, "आई, जायच्या आधी ट्रिपचे फोटो मोठ्यावर बघ." मी गॅसवर आमटी ठेवली होती, तिथून मला हॉल दिसत होता. कारंजी झाली, पिझ्झा झाला, घुमटावरून काढलेले वाऱ्यानं केस उडालेले बापलेकीचे फोटो झाले. मग मी काढलेला शिल्पाचा फोटो आला. नवऱ्याचा अंगठा पुढे सरकायला निघाला.

"थांब," आई म्हणाल्या.

त्या सोफ्यावरून उठल्या आणि टीव्हीच्या अगदी जवळ गेल्या.

"हा दुसरा हात तिथे गर्दीत मी बघितलाच नव्हता."

त्या आईचा डावा हात. मुलाला त्यानं धरलेलं नाही. तो बाजूला, थोडा पुढे आलेला आहे. तळवा वर, बोटं उघडी.

"आजी, शी इज आस्किंग व्हाय," मुलगी म्हणाली. "लाइक, हे का झालं असं विचारतेय."

"असेल बाई," आई म्हणाल्या. "मला तो नुसता मोकळा दिसतोय."

त्या टीव्हीकडेच तोंड करून उभ्या होत्या. नवऱ्याकडे न बघता त्या त्याच्याशी बोलायला लागल्या.

"शेजारच्या काकूंनी तुला संध्याकाळी आणून सोडलं. तू दारात उभा होतास. आत येत नव्हतास. मी तुला म्हटलं, हातपाय धू आणि जेवून घे."

"आठवतंय," नवरा म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

"तुझे बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले. घर माणसांनी भरलेलं. मला वाटलं, तुला जवळ घेतलं तर मी उठणारच नाही परत. मग या सगळ्यांचं कोण करणार? म्हणून नाही घेतलं. एक गेला होता. पण माझा हा हात मोकळा होता रे. तू होतास ना."

"आई, राहू दे."

"नाही राहू देत. रोज म्हणायचे, आज घेऊ, उद्या घेऊ. तू वाढत गेलास. मिशा फुटल्या. मग लाज वाटायला लागली. एवढ्या मोठ्या मुलाला काय सांगून जवळ घ्यायचं?"

मी गॅस बंद केला. मुलीला खुणेनं बोलावलं, पण ती जागची हलली नाही. खरं सांगायचं तर मीही हलले नाही.

आई सोफ्यावर येऊन बसल्या. साडी गुडघ्यांवर सारखी केली आणि म्हणाल्या, "ये."

माझा नवरा अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. वजन नव्वद किलो, टक्कल पडायला लागलंय, कमरेचा पट्टा बांधून कामावर जातो. तो आधी काही सुचेना असा उभा राहिला. मग खाली गालिच्यावर बसला आणि त्यानं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिनं एक हात त्याच्या पाठीवर ठेवला, दुसरा डोक्यावर. त्याची पाठ हलायला लागली. तिच्या डोळ्यांत या वेळीही पाणी नव्हतं, आणि ते नसल्याचं मला काहीच वाटलं नाही.

बऱ्याच वेळानं तो पडल्या पडल्या म्हणाला, "तुझे गुडघे दुखतील."

"दुखू देत."

ती त्याच्या उरलेल्या केसांतून बोटं फिरवत होती. बाहेर जुम्म्याची बांग झाली, समोरच्या दुकानाचं शटर खाली आलं.

"तुझ्या दादाचे केसही असेच राठ होते," ती म्हणाली. "तेल लावू द्यायचा नाही कधी."

नवऱ्यानं डोळे उघडले. तो हलला नाही.

"आणखी सांग," तो म्हणाला.