पाचपुरवणी

सोनाळ्याच्या लोकांची स्मरणशक्ती मोठी सोयीची आहे. दहावीला पहिला आलेला मुलगा कोण, हे दुसऱ्या वर्षी कुणाला आठवत नाही. नापास झालेल्या मुलीचे नाव मात्र गाव बावीस वर्षे जिवापाड जपते. सुचिताला गावाने ‘पाचपुरवणी’ हे नाव ठेवले तेव्हा ती सोळा वर्षांची होती. पुढे तिचे लग्न झाले, तेही गावातच. माहेर वरच्या गल्लीत, सासर खालच्या. दुसऱ्या गावी दिली असती तर नाव वेशीपाशीच गळून पडले असते. इथे ते वरातीबरोबर चालत सासरी आले.

ही पुरवणी म्हणजे उत्तरपत्रिका भरली की वरून मागून घ्यायचा जादा कागद. तो दोऱ्याने बांधायचा असतो. त्या काळी पेपर देऊन परतलेल्या मुलांना बसथांब्यावर एकच प्रश्न विचारला जाई, “किती पुरवण्या?” पेपर कसा गेला, हे कुणी विचारत नसे. दोन सांगणाऱ्याची आई गप्प बसे, तीन सांगणाऱ्याची चारचौघींत बोले. हा समज गावाने आपल्या मनाने काढलेला नव्हता. शाळेत इतिहास शिकवणारे उत्तमराव सर वर्गात पंजा ताणून वीत दाखवीत आणि म्हणत, “पेपर तपासणाऱ्याला वाचायला वेळ नसतो. तो वीत लावतो. लिहीत सुटा!” पगारी शिक्षकाने तीस वर्षे मुलांना हे सांगितले, आणि त्या तीस वर्षांत कुणी त्यांना एका शब्दाने हटकले नाही.

सुचिताचे पाठांतर दांडगे होते. तिने सरांचा शब्द वेदवाक्य मानला. अठराशे सत्तावनच्या उठावावर एक टीप आली होती. तिने उठावाची कारणे लिहिली, ठिकाणे लिहिली, काडतुसे लिहिली, कोण कुठे पडले तेही लिहिले. त्या एका टिपेत तीन पुरवण्या गेल्या. पाचवी पुरवणी बांधताना घंटा झाली, तेव्हा नागरिकशास्त्राचा अख्खा विभाग कोरा होता. पण त्या संध्याकाळी ती बसथांब्यावर राणीसारखी उतरली होती. “पाच!” असे तिने सांगितले आणि उत्तमराव सरांनी सर्वांदेखत तिच्या पाठीवर थाप मारली. जूनमध्ये निकाल लागला. शंभरात एकोणतीस. थाप मारणारा हात त्या दिवशी कुठे होता, कोण जाणे. नाव मात्र तेव्हापासून चिकटले.

पुढे ती त्याच शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवू लागली. ज्या वर्गात तिने उठाव पाठ केला, त्याच्या मागच्या भिंतीला लागून स्वयंपाकाची खोली होती. नवरा भागवत शेतीत, सासू अन्नपूर्णाबाई घरात, मुलगी समता त्याच शाळेत. दिवस चालले होते. समता नववीत गेली आणि एके दुपारी दप्तर आपटून म्हणाली, “आई, पोट्टे मले काय म्हणतात माहीत हाय? म्हणतात, पुढच्या वर्षी तुले सहा लागतीन. आईपरीस एक जास्त.”

सुचिताने स्वतःसाठी ते नाव बावीस वर्षे सोसले होते. पण ते वारसाहक्काने मुलीकडे जाताना पाहणे तिच्याने होईना. समता दहावीला बसण्याआधी ते नाव पुसले पाहिजे, एवढे एकच तिने ठरवले. बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांसाठी सतरा नंबरचा फॉर्म असतो. तो तिने भरला.

अन्नपूर्णाबाईंनी कपाळाला हात लावला. “अवं, झाकली मूठ होती. काऊन उघडून राह्यली?”

“झाकली कुठं होती, आत्याबाई? गावभर तं उघडी हाय.”

भागवत जेवता जेवता एवढेच बोलला, “बसू दे तिले. नापासची आदत हाय, पास झाली त नवीन होईन.”

अभ्यासाला बसली खरी, पण हात जुन्या खोडीवर गेला. एक उत्तर लिहायला घेतले की ते संपेना. जुनी प्रश्नपत्रिका घेऊन घड्याळ लावले, तर दोन तासांत अर्धाच पेपर झाला. पुन्हा लावले, पुन्हा अर्धाच. उत्तमराव सर निवृत्त होऊन पारावर बसत असत. तिने भीड सोडून विचारले, तर त्यांनी थरथरता पंजा ताणून तीच वीत दाखवली. “लिहीत सुटायचं, सुचिता. हात आखडता घेऊ नको.”

त्याच आठवड्यात तिला ताप भरला. दोन दिवस तिच्या जागी शेजारची दीपमाला खिचडी वाढायला गेली. तिसऱ्या दिवशी सुचिता कामावर आली, तर तिच्या जोडीची स्वयंपाकीण जमीला तोंडाला पदर लावून हसत होती.

“काय झालं वं, जमीला?”

“क्या बताऊँ, बाई! तुझ्या त्या दीपमालाले लेकरांची लय माया आली. पाचवीच्या पोट्ट्यायले दोन-दोन डाव वाढले. म्हणे, लहान हायेत बिचारे. अर्धी खिचडी पाचवीनंच फस्त केली, वरतून सांडली ते अलग. आठवीवाले आले तवा बगुण्यात काय होतं? खरवड! एक पोट्टा म्हणते, काकू, आमी उपासाले हावो का?”

“मोजून नाई दिलं का? पाचवीले एक डाव, पुढच्यायले दीड, हे भिंतीवर लिहून हाय ना.”

“भिंत कोण वाचते, माय!”

सुचिता हसली, पण बगुणे घासता घासता तिचा हात थांबला. दुपारी खोली रिकामी झाल्यावर तिने प्रश्नपत्रिका काढली. प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी, उजव्या समासाला चिकटून, एक लहानसा आकडा छापलेला होता. २. ४. ६. तो आकडा सोळाव्या वर्षीही तिथेच होता. तो काय सांगतो, हे अकरा मास्तरांच्या त्या शाळेत एकानेही सांगितले नव्हते. दोन गुणांच्या टिपेला पन्नास ओळी लिहिल्या तरी गुण दोनच मिळायचे. उरलेल्या अठ्ठेचाळीस ओळी म्हणजे पाचवीच्या पोरांच्या ताटाबाहेर सांडलेली खिचडी. आणि नागरिकशास्त्र म्हणजे दारात उपाशी उभे असलेले आठवीचे पोर.

“जमीला,” ती म्हणाली, “बावीस वर्षांआधी मी दीपमाला होती वं.”

जमीलाला काही कळले नाही. “ताप उतरला नाई वाटते,” ती म्हणाली.

मग त्या खोलीच्या शहाबादी फरशीवर खडूने अभ्यास सुरू झाला. चाळीस गुण, दोन तास. म्हणजे गुणामागे तीन मिनिटे. एका गुणाला एक शब्द किंवा एक ओळ, प्रश्न पुन्हा उतरवायचा नाही. दोन गुणांना दोन मुद्दे, प्रत्येक मुद्द्याखाली त्याचा आधार सांगणारे एक वाक्य. तीन गुणांना तीन मुद्दे, आणि प्रत्येक मुद्दा नव्या ओळीवर; तपासणाऱ्याला तो शोधावा लागू नये. सहा गुण दिसले म्हणून एकच लांबलचक उत्तर लिहायचे नाही; आधी पाहायचे की तीन-तीनचे दोन प्रश्न तर नाहीत. जे येते ते सगळे लिहायचे नाही, हे सर्वांत अवघड गेले. गरिबाच्या घरात जे आहे ते सगळे पाहुण्यापुढे ठेवायची रीत असते. हात आखडायला शिकताना तिला आपण काही चोरतो आहोत असे वाटे. जमीला मोबाईलवर मिनिटे लावी आणि वेळ संपली की पळी बगुण्यावर आपटी. “बस! डाव भरला. पुढचं ताट!”

मार्चमध्ये तालुक्याच्या केंद्रावर इतिहासाचा पेपर आला. वर्गात सारी सोळा वर्षांची मुले. त्यांच्यात ही अडतीस वर्षांची बाई, लुगड्याच्या पदराने घाम पुसत. प्रश्नपत्रिका हाती आल्यावर तिने प्रश्न वाचण्याआधी उजवा समास वाचला. मग लिहू लागली. घड्याळ आणि आकडे जोडीने चालले होते. आणि मध्येच ती टीप आली: कीर्तन. दोन गुण.

शेगाव इथून किती लांब? लहानपणापासून तिने ऐकलेली कीर्तने मोजायला बसले तर दिवस मावळेल. टाळ, वीणा, बुवांचा फेटा, विनोद, दृष्टान्त, रडणाऱ्या बाया, सगळे एकदम बोटांशी येऊन उभे राहिले. पाच पुरवण्या सहज झाल्या असत्या. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या मुलाने हात वर केला. “सर, पुरवणी!” दोऱ्याची गुंडी उलगडल्याचा आवाज आला. मग दुसरा हात. मग तिसरा. पर्यवेक्षक तिच्या बाकाशी थांबले. “ताई, पुरवणी?”

तिने समासातल्या आकड्याकडे पाहिले. “नको,” ती म्हणाली. पूर्वरंग: निरूपणासाठी अभंग घेऊन त्याचा अर्थ सांगणे. उत्तररंग: तोच अर्थ एखाद्या कथेतून समजावणे. दोन मुद्दे, दोन वाक्ये. तिने ओळ सोडली आणि पुढचा प्रश्न घेतला. नागरिकशास्त्राचा शेवटचा प्रश्न संपला तेव्हा घंटेला नऊ मिनिटे होती. नऊ मिनिटे आणि कोरी पाने. ती पाने तिच्याकडे अशी पाहत होती, जणू घरात पाहुणे बसले आहेत आणि चहा टाकलेला नाही. तिने लेखणीला टोपण लावले, प्रश्नांचे क्रमांक तपासले आणि हात मांडीखाली दाबून बसून राहिली.

बसथांब्यावर अन्नपूर्णाबाई आणि गल्लीतली सारिका वाट पाहत होत्या. जुना प्रश्न पुन्हा आला. “किती लागल्या वं?” सारिकाने विचारले.

“एकबी नाई.”

“म्हणजे?”

“म्हणजे एकबी नाई घेतली.”

सारिकाने अन्नपूर्णाबाईंकडे पाहिले. अन्नपूर्णाबाई खाली बसल्या. “कोरा ठेवला वं माय! तवा पाच तरी होत्या!”

पुढचे दोन महिने गावाने मनसोक्त हसून घेतले. पारावर उत्तमराव सरांनी मान हलवली, “मी सांगितलं होतं.” जमीला तेवढी सगळ्यांशी भांडत होती, “मोजून वाढणाऱ्या बाईचं बगुणं कधी कमी पडलं का, सांगा!” सुचिता मात्र मनातून रोज तोच पेपर सोडवत होती, आणि एखाद्या पहाटे तिलाही वाटे की ती नऊ मिनिटे आपण उगीच मांडीखाली दाबली.

मेमध्ये निकाल लागला. समताने मोबाईलवर पाहिला आणि किंचाळली. सर्व विषयांत पास. गणितात कसेबसे एक्केचाळीस. सामाजिक शास्त्रांत शंभरात एकाहत्तर. ज्या विषयाने तिला बावीस वर्षे नावे ठेवली, त्याच विषयात सर्वांत जास्त. भागवतने मोबाईल हातात घेतला, दोनदा वाचला, आणि बैलांना पाणी पाजायला गेला. तो गोठ्यात बराच वेळ होता.

शाळा उघडल्यावर गुणवंतांचा सत्कार झाला. मुख्याध्यापिकांनी सुचितालाही बोलावले, शाल आणि श्रीफळ दिले. अध्यक्षस्थानी उत्तमराव सर होते. नापास झाली तेव्हा सुचिता कुणाचीच विद्यार्थिनी नव्हती. पास झाल्यावर ती त्यांची झाली. ते पाऊण तास बोलले. “पाया आम्हीच घातला होता,” ते म्हणाले. मग मुख्याध्यापिका म्हणाल्या, “सुचिताताई, दोन शब्द बोला.”

ती उठली. समोर दहावीच्या रांगेत समता मान खाली घालून बसली होती. पालकांत सासू होती, दाराशी जमीला होती.

“मॅडम, किती मार्काचं बोलू?”

सभेत हशा पिकला. मुख्याध्यापिकाही हसल्या. “दोन मार्काचं.”

“मग दोनच मुद्दे सांगते. पहिला, लेकरांसाठी. प्रश्न वाचायच्या आधी उजवीकडला आकडा वाचा. तुमच्या ताटात किती वाढायचं ते त्यानं लिहून ठेवलं हाय.” ती अध्यक्षांकडे वळली. आवाज वर गेला नाही. “दुसरा, सरांसाठी. सर, तुमी आमाले वीत दाखवली, समास दाखवला नाई. आता तरी पारावर बसून कोणाले वीत दाखवू नका.”

एवढे बोलून ती खाली बसली. एक वाक्य कमी नाही, एक वाक्य जास्त नाही. सरांचा पंजा टेबलावर होता. तो त्यांनी हळूच मांडीवर घेतला. टाळ्या आधी दाराशी वाजल्या. त्या जमीलाच्या होत्या.

“पाचपुरवणी बोलली बाप्पा!” पालकांत कुणीतरी कुजबुजले.

अन्नपूर्णाबाई गर्रकन वळल्या. मार्चमध्ये ज्या शब्दाने त्या बसथांब्यावर खाली बसल्या होत्या, तोच शब्द त्यांनी आता भर सभेत, अध्यक्षांदेखत, उभे राहून उच्चारला. “कोणाले म्हणता पाचपुरवणी? माह्या सुनेनं एकबी नाई घेतली. एकबी! ऐकू आलं का?”

दहावीच्या रांगेत समताने मान वर केली आणि ती मोठ्याने हसली.