पाव्हण्यांच्या पायांवर वाढणारा आंबा

पैनगंगेचा पूल ओलांडला आणि बसमध्ये वाद पेटला. पुलापलीकडच्या जिल्ह्याची वाटणी होऊन वर्षही झालं नव्हतं. निर्मल वेगळं निघालं होतं आणि कोणतं गाव कुठे गेलं यावर प्रत्येकाचं मत होतं. माझं एवढंच ठरलं होतं : जैनथजवळ धाकट्या बहिणीकडे, शांताकडे, एक रात्र राहून परतायचं. बायकोला तसा शब्द दिला होता.

शांताचा फोनच तसा होता, "दादा, ये ना. लई आठवण येऊन राह्यली." मी विरघळलो.

दारात तिनं तांब्या हाती दिला आणि अंगणातलं हातभर आंब्याचं रोप दाखवलं. "पाय तिथं धू."

उन्हाळ्यात त्यांची हापशी रुसते. म्हणून पाव्हण्यांच्या पायांचं पाणी झाडाला. आधीची दोन रोपं उन्हानं गेली, हे तिसरं. हेही गेलं तर पुन्हा लावायचं नाही, असं तिनं ठरवलेलं.

"म्हणजे आठवण माझी नव्हती?"

"तुमचीच," जावईबापू म्हणाले. "मोठे पाय हायेत, पाणी जास्त लागते."

मी एका पायावर उभा राहिलो. या पोटासह तो प्रयोग करायला नको होता. तोल गेला, आधाराला रोपच हाती आलं आणि शेंडा कट्‌कन मोडला.

मोडलेल्या जागी शांतानं शेणमाती लिंपली. रात्री गोंगुरा (अंबाडी) आणि भाकर मुकाट्यानं वाढली.

"रोप निर्मलचं," जावईबापू हळूच म्हणाले. "आता परजिल्ह्याचं. पाव्हण्याचाच हात मोडला तुमी."

तेव्हा शांता बोलली, "फुटवा येईस्तोवर इथंच राह्य. रोज पाय धू. अन्‌ बसून धू."

बायकोला फोनवर काय सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रोज पाय मळवायला मी फाट्यापर्यंत चालत जाई. वाटेत एकच कडुनिंब. कोणी लावला ठाऊक नाही, पण त्याच्या सावलीत दम खाताना त्या माणसाला मनोमन हात जोडायचो. भेटेल त्याला म्हणायचो, "चला, शांताकडे चहाला!" चहापेक्षा मला त्यांचे पाय हवे होते.

एका सकाळी शांता ओरडली, "दादा!" मोडलेल्या जागेखाली तांबूस कोंब डोकावत होता. मी धावलो.

"तिथूनच पाह्य! काऊन जवळ येतं?" म्हणाली, पण हसत होती.

निघताना तिनं पिशवीत एक रोप दिलं. घरी बायको कमरेवर हात ठेवून दारात उभी. मी आधी तांब्या मागितला.

आता आमच्याकडेही पाव्हण्यांनी पाय रोपाशीच धुवायचे. शेजारी स्टूल ठेवलंय.