घोडेगाव फाट्यावरचा बंद पंखा

पुण्यातून निघताना आमच्या घरात एकच वाद झाला: शालू नेसून निघायचं की सोनईला जाऊन नेसायचा. मी नेसून निघाले. त्याचा पश्चात्ताप पुढे इमामपूरच्या घाटात झाला.

सोनईला माझ्या नणंदेच्या मुलीचं, मनूचं, लग्न होतं. माझा नवरा अविनाश हा मनूचा एकुलता एक मामा. मामानं हाताला धरून आणल्याशिवाय नवरी मांडवात येत नाही. त्यात मनूचे वडील ती शाळेत असतानाच गेले, म्हणून या मामाची वाट तिकडे जरा जास्तच बघत होते. आमच्याकडे मुहूर्त बहुधा पत्रिकेची शोभा वाढवायला असतो, पण मुलाकडची माणसं वेळेची पक्की आहेत, असं ताईंनी फोनवर बजावलं होतं. ताई म्हणजे माझी नणंद. त्यांचं बोलणं ऐकायला शेजारच्या खोलीतला टीव्ही बंद करावा लागतो.

सुप्याला मिसळ खाल्ली. तिच्याविषयी लिहिण्यासारखं काही नाही. अहिल्यानगरात (आम्ही बोलताना अजून नगरच म्हणतो) सिग्नलला थांबलो, तेव्हा इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकला. गाडी पळायला लागली की खाली यायचा.

"काट्यांचं काही खरं नसतं," अविनाश म्हणाला.

इमामपूरच्या घाटात गाड्यांची रांग मुंगीच्या पावलानं चालली होती. काटा वर गेला तो तिथंच राहिला. मग अविनाशनं एसी बंद करून हीटर लावला. हीटर लावला की इंजिनाची उष्णता गाडीत येते आणि इंजिनाला आराम पडतो, असं त्यानं मला समजावलं. उष्णता खरोखरच आली. भर दुपारी, खिडक्या उघड्या टाकून, शालू नेसून मी हीटरसमोर बसले होते. नगर जिल्ह्याचं सृष्टिसौंदर्य मला या प्रवासात फारसं दिसलं नाही.

घोडेगाव फाट्यावर बॉनेटखालून वाफ आली. गाडी एका रसवंतीपुढे (उसाच्या रसाचं दुकान) उभी केली. रसवंतीच्या मावशींनी चरक थांबवला.

"तापली व्हय? लग्नाला चाल्लाय जनू?"

"सोनईला. मी नवरीचा मामा," अविनाश म्हणाला.

"आन् मामा हितं? मंग नवरी कोन आननार?"

हा प्रश्न आम्हालाही पडला होता. दुसऱ्या गाडीनं जावं म्हटलं तर त्या दिवशी दाट तिथ (पुष्कळ लग्नांचा दिवस). जीपगाड्या जात होत्या, पण त्यांच्या टपावरसुद्धा जागा नव्हती. टपावरून एका आजोबांनी आम्हाला हात मात्र केला.

बाकावर एक गृहस्थ रस पीत होते. साळवे सर. राहायला भिंगारला, पण नोकरी सगळी सोनईच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली. याच लग्नाला निघाले होते. नवरदेव त्यांचा विद्यार्थी.

"रेडिएटरचं झाकण उघडू नका," सर म्हणाले. "आधी निरीक्षण. एसी लावा."

एसी लावला. सरांनी आत वाकून पाहिलं. "पंखे दोन आहेत. एक फिरतोय. दुसरा, मदतीचा, स्वस्थ आहे. कारणं तीनच. एक..."

तेवढ्यात ताईंचा फोन आला. "निघालात का?" त्यांनी विचारलं. अविनाशनं "पोचलोच" असं सांगितलं आणि सरांचं 'एक' ऐकायला न थांबता फ्यूजची डबी उघडली. मदतीच्या पंख्याचा फ्यूज जळाला होता. डबीत एक जादा फ्यूज होता, तो त्यानं बसवला. टक्‌ असा आवाज आला. तोही जळाला.

"आधी कारण, मग उपाय," सर म्हणाले. शाळेत हे वाक्य त्यांनी किती पोरांना ऐकवलं असेल कोण जाणे.

मी मोबाईलचा उजेड पुढच्या जाळीतून आत पाडला. पंख्याच्या पात्यांत काहीतरी पिवळट अडकलं होतं. झेंडू. दसऱ्याला अविनाशनं गाडीची पूजा करून जाळीला हार बांधला होता. मी तो दिवाळीतच काढायला सांगितलं होतं. 'देवाचा हार ओढून काढू नये, आपला आपण पडू द्यावा,' असं त्याचं म्हणणं पडलं. हार आपला आपण पडला होता. आतल्या बाजूला. त्याचा सुतळीचा दोरा पंख्याच्या दांड्याला करकचून गुंडाळला गेला होता.

मी उजेड धरून अविनाशला तो दोरा नीट दाखवला, एवढंच. लग्नाचा दिवस होता.

मावशींनी लिंबं कापायची सुरी दिली. "धुऊन द्या बरं का," म्हणाल्या. इंजिन बंद केलं, दोरा कापून काढला. आता फ्यूज हवा होता. हॉर्नचा त्याच रंगाचा, म्हणजे तेवढ्याच ताकदीचा, निघाला, तो काढून पंख्याला लावला. पंखा फिरला. मावशींनी हात जोडले. वाळलेली फुलं त्यांनी तुळशीत टाकायला ठेवून घेतली.

सरांना मागे बसवून निघालो, हॉर्नशिवाय. सोनईच्या रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांच्यावर मोठ्यानं लावलेली गाणी. हॉर्न असता तरी कुणी ऐकला नसता. सर प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे खिडकीतून ओरडत होते, "अरे, मामा आहे, मामा!"

गावात शिरलो आणि मांडव दिसायच्या आधी माईक ऐकू आला. "नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावे. मुहूर्त टळतोय." थोड्या वेळानं: "मामा नसतील तर चुलतमामांनी यावे." अविनाशचा चेहरा उतरला. पुढे ट्रॅक्टर होता आणि तो हलत नव्हता.

माईक खरखरला. मग बाईचा आवाज आला, कापरा, पण मोठा.

"माझा भाऊ रस्त्यात हाय. त्यो आल्याबिगर अक्षदा पडायच्या न्हाईत. ज्यांना घाई आसंल त्यांनी जेवून घ्यावं."

अविनाश गाडीतून उतरला आणि पळत सुटला. मी स्टीअरिंगवर गेले. मी पोचले तेव्हा तो घामेजल्या हातानं मनूचा हात धरून मांडवात येत होता. मनू रडत होती. मीही रडले. लोक खरंच जेवायला बसले होते. वेळेचे पक्के असलेले वरपिते पहिल्या पंगतीत होते.

परतताना संध्याकाळ झाली. पंखा व्यवस्थित फिरत होता, काटा जागेवर होता. नगर गेलं, सुपे गेलं, अविनाश गाडी चालवत राहिला. दाजी, म्हणजे मनूचे वडील, गेले तेव्हाही ताई चार माणसांत मोठ्यानं रडल्या नव्हत्या, हे मला माहीत होतं. त्यालाही होतं.

शिरूरचा पूल ओलांडल्यावर तो म्हणाला, "ताई काय म्हणाली ते तू ऐकलंस ना?"

"सगळ्या सोनईनं ऐकलं," मी म्हटलं.

पुण्यात शिरताना त्यानं मला हेच पुन्हा विचारलं. मीही तेच उत्तर पुन्हा दिलं.