न वापरलेली झाडं

अंधेरी पूर्वेच्या एका ऑफिसात मी सूचनापुस्तिका लिहिते. इतकी वर्षं त्या वाचणारी माणसं होती. माणूस पुस्तिका नीट वाचत नाही हे धरूनच मी लिहायचे: ठळक अक्षरं, चौकटी, चित्रं. मग गेल्या वर्षी मला सांगण्यात आलं की पुढची पुस्तिका माणसांसाठी नाही.

आमची कंपनी मोबाइलवरचे खेळ बनवते. खेळातलं जग ज्या सॉफ्टवेअरमध्ये उभं राहतं त्याला गेम इंजिन म्हणतात. रस्ते, घरं, झाडं, ऊन, सगळं त्यात मांडायचं. यातलं बरंचसं काम आता एआय एजंटनं, म्हणजे सूचना वाचून आपणच काम करणाऱ्या प्रोग्रॅमनं, करावं म्हणून आमच्या टीम हेडनं एजंट आणि इंजिन यांच्यामधे बसणारं एक टूल तयार केलं होतं. त्यातल्या प्रत्येक आज्ञेचं नाव, तिनं काय होतं, तिला काय पुरवायचं, चुकलं तर काय उत्तर येतं, एवढं मी लिहून द्यायचं. एजंट आधी ते वाचणार आणि मग तसाच वागणार. एकही ओळ न गाळता वाचणारा वाचक मला पहिल्यांदाच मिळत होता. खरं सांगायचं तर मी खूश होते.

कशाचीही यादी करायची मला सवय, म्हणून ऑफिसात मला यादीबाई म्हणतात. हे नाव ठेवलं आमच्या झाडवाल्यानं. तो माझ्याच वयाचा, मूळचा मालवणकडचा, कांदिवलीला राहणारा. खेळातली झाडं तो बनवायचा. गिऱ्हाइकांना हवे असायचे पाइन, नाहीतर नारळ. हा मात्र रविवारी सकाळी बसनं आरे कॉलनीत जायचा, खोडांचे फोटो काढायचा, आणि फावल्या वेळात सावर, ऐन, कुडा, पळस बनवत बसायचा. एकेक फांदी हातानं. एका गिऱ्हाइकाला त्यानं ती दाखवली, तर "फार वाळकी दिसतात" असं उत्तर आलं. तेव्हापासून ती प्रोजेक्टमधल्या 'बाजूला' नावाच्या फोल्डरमध्ये होती. चार वर्षांत फोल्डर चांगलाच फुगला. सर्व्हरवर जागा कमी, म्हणून तेवढ्याचा बॅकअप घेत नसत. पण त्याला हात लावायचा नाही हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, कुठे लिहिलेलंही नव्हतं.

साफसफाईच्या आज्ञेखाली मी लिहिलं होतं: 'खेळात कुठेही न वापरलेल्या फाइली शोधून कायमच्या काढून टाकाव्यात.' मसुदा तपासणाऱ्यांत झाडवाल्याचंही नाव होतं, म्हणून त्याला वाचून दाखवलं.

"बरोबर आहे ना रे?"

"तू लिहिलंस म्हणजे बरोबरच असणार, बाई. सही कुठे करू ते सांग."

'बाजूला' तेव्हा आम्हा दोघांनाही आठवलं नाही.

चाचणी दुपारच्या चहाच्या वेळी झाली. खरं तर ती प्रोजेक्टच्या प्रतीवर करायची होती. पण प्रत बनायला तास गेला असता, आणि बाकी सगळ्याचा बॅकअप होताच. टीम हेडनं एजंटला एवढंच लिहिलं, "प्रोजेक्ट नीट आवरून दे." त्यानं आधी माझी पुस्तिका वाचली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग पडद्यावर ओळी भराभर सरकायला लागल्या. झाडवाला चहाचा ग्लास घेऊन माझ्यामागे उभा होता.

"कसला आज्ञाधारक आहे यार! यादीबाई, तुझ्यावरच गेलाय."

मी हसले. मग एका ओळीत त्याला 'बाजूला' दिसलं.

"ए, ए, हे माझं आहे. थांबव गं त्याला!"

टीम हेडनं हे बटण दाबलं, ते दाबलं. "थांबवायचं कसं?" ती माझ्याकडे वळली. "लिहिलंयस ना तू?"

चालू काम थांबवायची आज्ञा टूलमध्येच नव्हती, तर पुस्तिकेत कुठून येणार? हे मला पक्कं माहीत होतं. अनुक्रमणिका माझ्याच हातची. तरी छापील प्रत उघडून मी तिच्यावरून बोट फिरवत राहिले, वरून खाली, परत वरून खाली. झाडवाल्यानं टेबलाखाली वाकून वायरच ओढली. पडदा काळा झाला. काम सर्व्हरवर चालू राहिलं.

पडदा पुन्हा उजळला तेव्हा अहवाल तयार होता. पुस्तिकेतल्या सूचनेनुसार न वापरलेल्या फाइली काढून टाकल्या आहेत, आणखी काही मदत हवी आहे का?

गेलेला डेटा परत काढून देणारी दोन माणसं येऊन गेली. दोघांनी हात टेकले. फोटोही त्याच फोल्डरमध्ये होते, आणि जुना फोन झाडवाल्यानं कधीच विकला होता. वरून चौकशी झाली, पण चूक कुणाचीच ठरेना. टूलनं सांगितलेलं केलं, एजंटनं वाचलेलं केलं, मसुद्यावर सह्या होत्या. मी झाडवाल्याची माफी मागायला गेले.

"सॉरी कशाला? वाक्य चुकलं असतं तर दोन शिव्या तरी घातल्या असत्या तुला. त्यात चूकच नाही ना."

मला दुसरं काय सुचणार? मी वही काढली. "काय काय होतं ते सांग. लिहून ठेवू. यादी असली की एकेक परत करता येईल."

तो खुर्ची ओढून बसला. "लिही. सावर, गोठ्यामागची, खालचे काटे झिजलेली. ऐन, रस्त्याच्या वळणावरचा. कुडा, दोन." अकरा झाली. बारा आकडा घालून मी थांबले.

"पुढे?"

"पुढची बरीच आहेत गं. पण मला कुठे येतात सगळ्यांची नावं? नुसते नंबर टाकून सेव्ह केलेली. समोर दिसली असती तर सांगितलं असतं."

"एखादं तरी आठव ना."

त्यानं डोळे मिटले. "एक होतं. त्याची फांदी सरळ यायची आणि मग अशी." त्यानं कोपर वाकवून हात हवेत धरला, बोटं खाली सोडली. "अशी. आणि इथून परत थोडी वर."

"हे कसं लिहू रे?"

"मला काय माहीत. लिहिणारी तू."

हात त्यानं तसाच धरून ठेवला. मी बघत राहिले. बारापुढे मला काहीच लिहिता आलं नाही.